आगटी, चूल आणि भाचेबुवांची जाळी

बीडहून गेवराईकडे जा, नाहीतर चौसाळ्याकडे. हायवेच्या कडेनं पाट्याच पाट्या. 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरचं मटण', आता तर 'चुलीवरचा चहा'सुद्धा. पाटीवर चुलीचं चित्र असतं आणि चुलीत भगभगीत जाळ. मला त्या पाट्यांचा राग नाही, भूक लागली की मीही तिथंच थांबते. पण चुलीशेजारी वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ती सांगेल की स्वयंपाक हे चुलीचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं जाळ विझल्यावर सुरू होतं. राख काढा, भेगा बुजवा, पोतेरं फिरवा, तव्याचं बूड खरवडा, काजळी झाडा. त्याची पाटी कुणी लावत नाही.

तर आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

निमित्त झालं आमच्या भाचेबुवांचं. ते असतात टेक्सासात. तिकडं गेल्यावर सगळे घेतात तशी त्यांनीही एक कोळशाची बार्बेक्यू शेगडी घेतली. गोल, तीन पायांची, झाकणाची. उन्हाळाभर दर रविवारी मित्रमंडळी, कोंबडी, मक्याची कणसं, शाकाहारी लोकांसाठी पनीर, असा थाट. मग थंडी आली, झाकण पडलं, आणि ते चार महिन्यांनी उघडलं तेव्हा आत जे काही होतं त्याचा फोटो त्यांनी थेट आजीला पाठवला. जाळी गंजलेली, चरबीवर पांढरी बुरशी, आणि तळाला राख ओल धरून सिमेंटासारखी घट्ट बसलेली. खाली प्रश्न : "आजी, हे कसं साफ करू?"

आई गावाकडं असते, धारूर तालुक्यात. मी अंबाजोगाईत. त्या दिवशी मी तिच्याकडंच होते. तिनं चष्मा लावून फोटो नीट बघितला आणि म्हणाली, "ही तर आगटीच की. वर जाळी बसवलेली."

ज्यांना आगटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसं कोवळी, दुधाळ असतात, तेव्हा शेतात हुरडा होतो. हातभर खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारे झाले की कणसं त्यात खुपसायची. ही आगटी. भाजलेलं कणीस हातावर चोळून दाणे पाडायचे, पाखडायचे आणि गरम गरम खायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गूळभेंडी ज्वारी असेल तर मग बघायलाच नको. आमच्याकडं आगटी लावणं, कणसं भाजणं, चोळणं हे पुरुषांचं काम. आजोबा, काका, मामा, सगळे त्यात तरबेज. वर्षभर चुलीकडं न फिरकणारी माणसं हुरड्याच्या दिवसांत निखाऱ्यांवर व्याख्यानं देत. आणि आगटीची राख? ती तिथंच. पायानं माती लोटली की झालं. पुढच्या पावसात शेतात मिसळून जाते, उलट पिकाला पोटॅश मिळतं.

चुलीचं तसं नाही. चूल घरात असते. म्हणून आई पुढं जे म्हणाली ते मला फार नेमकं वाटलं. म्हणाली, "रानातल्या आगटीला कुणी आवरत न्हाई. ह्यानं ती घरी आणलीय. घरी आणली म्हंजी तिला चुलीवानी सांभाळावं लागल."

आता चुलीवानी म्हणजे कसं, तर ते मी लहानपणापासून बघत आलेय.

सकाळी सगळ्यात आधी राख. रात्रीचा विस्तव आई राखेत झाकून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या तुकड्यानं वरची राख ओढायची, आतले निखारे बाजूला करायचे, त्यावर गोवरीचा तुकडा ठेवून फुंकणीनं फुंकायचं. काडेपेटी वाचायची. शेजारची एखादी काकू "इस्तू हाय का गं?" म्हणत यायची, तिलाही गोवरीवर निखारा मिळायचा. राख मात्र रोज काढायचीच, कारण ती साठली की चुलीच्या तोंडातून हवा आत जात नाही आणि मग नुसता धूर. काढलेली राख लोखंडी घमेल्यात. टोपल्यात नाही, आणि लगेच उकिरड्यावरही नाही, कारण राखेच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत असतो. राख पूर्ण थंड झाली की चाळायची. बारीक राख भांड्यांना. थोडी बियाण्याच्या डाळींत मिसळायला, कीड लागू नये म्हणून. थोडी वांग्याच्या रोपांवर, मावा पडला की. उरलेली उकिरड्यावर.

मग पोतेरं. फुटक्या मडक्यात पांढरी माती आणि शेण कालवलेलं असायचं, त्यात बुडवलेलं फडकं चुलीवरून, वैलावरून, पुढच्या ओट्यावरून फिरवायचं. (वैल म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं तोंड. मुख्य जाळाची उरलेली धग तिथं जाते, आमटी रटरटत राहते.) रोजच्या या एका हातानं सांडलेलं पुसलं जायचं, आणि आदल्या दिवशीच्या केसाएवढ्या भेगा बुजायच्या. केसाएवढी भेग रोज बुजवली तर बोटाएवढी होत नाही. चुलीच्या देखभालीचं सगळं गणित एवढंच. पण भाषेनं त्या फडक्याला काय मान दिलाय बघा. एखाद्याची पार दुर्दशा झाली की आपण म्हणतो, त्याचं पोतेरं झालं!

मातीचंही शास्त्र होतं. आमच्याकडची शेतातली काळी माती कापसाला, ज्वारीला उत्तम, पण ती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात आमच्या रानातल्या भेगांत हात जातो. त्या मातीची चूल केली तर आठवड्यात तडकेल. म्हणून चुलीला पांढरी माती, पडक्या गढीची किंवा गावठाणातली. आमच्या भागात गावाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात ते उगाच नाही. वारुळाची माती मिळाली तर अजून चांगली. त्यात शेण आणि गव्हाचा भुसा घालून दोनतीन दिवस भिजवायचं, तुडवायचं. भुशाच्या काड्या मातीला धरून ठेवतात, सिमेंटात सळई धरते तशा.

आणि तवा. तव्याच्या बुडावर काजळीचे थर बसतात, मग तो तापायला वेळ लागतो, सरपण जास्त जातं. आठवड्यातून एकदा आई तवा पालथा घालून उलथन्याच्या धारेनं बूड खरवडायची. कधी कधी चुलीवरून काढलेल्या तव्याच्या बुडाशी काजळीत लाल ठिणग्या चांदण्यांसारख्या पळायच्या. तवा हसला, आता पाहुणे येणार, असं आमच्याकडं म्हणत. मला मात्र आता वाटतं की तवा हसला म्हणजे तो खरवडायला झालाय, एवढाच त्याचा अर्थ :-) नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडायची. तेवढी एक तव्याची हक्काची सुट्टी. पातेल्यांना मात्र चुलीवर चढवण्याआधीच बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यायचा. काजळी त्या लेपावर बसते आणि घासताना लेपासकट निघून जाते. भांडं काळं झाल्यावर घासण्यापेक्षा आधीच दोन मिनिटं राखेचा हात फिरवणं शहाणपणाचं.

हे सगळं आईनं भाचेबुवांना फोनवर सांगितलं नाही. तिनं चारच गोष्टी सांगितल्या. मी मागाहून त्यांची कारणं वाचून काढली, आणि गंमत म्हणजे एकही खोडून काढावी लागली नाही.

पहिली : आधी तापव, मग खरवड. थंड तव्याची काजळी नखानं निघत नाही. जाळीचंही तेच. झाकण लावून कोळशावर पंधराएक मिनिटं चांगली तापवली की जुनी चरबी जळून तिची खपली होते आणि ती खरवडली की सुटते. बुरशी असेल तर हे तापवणं आणखीच गरजेचं, आणि त्यानंतर गरम पाण्यानं, साबणानं धुणंही. फक्त तारांचा ब्रश जपून. त्याची एखादी तार तुटून जाळीला चिकटते, तिथून घासात जाते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. २०१२ साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध करून लोकांना सावध केलं होतं. त्यापेक्षा लाकडी खरवडणी बरी, किंवा आईचं उलथनं.

दुसरी : खरवडून झालं की तेलाचा हात. नवा लोखंडी तवा घरात आला की आपण त्याला तेल लावून तापवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तापवतो. तापलेल्या लोखंडावर तेलाचा अगदी पातळ थर घट्ट बसतो आणि हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नाही. मग गंजही नाही आणि चिकटणंही नाही. पातळ मात्र हवा. जाड थर चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते.

तिसरी : राख ठेवू नको. राख हवेतली ओल ओढून घेते. ओल्या राखेतून खार सुटतो. तोच खार भांड्यांची चरबी काढतो, चरबीचा जणू साबणच करतो. पण तीच ओली राख पत्र्याला चार महिने चिकटून राहिली तर पत्रा खाते. शिवाय तळाची हवेची भोकं बुजतात आणि पुढच्या वेळी कोळसा नीट पेटत नाही. चुलीचं तोंड राखेनं भरलं की धूर होतो, तेच.

चौथी : पण गरम राख काढू नको. पुरता एक दिवस थांब, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढ. तिकडची घरं लाकडाची असतात. प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या 'विझलेल्या' कोळशानं आग लागण्याचे प्रकार तिकडं घडतात, अग्निशमन खात्यांची माणसं हेच बजावत असतात.

भाचेबुवांनी शनिवारी दोन तास खपून सगळं केलं. चमकणाऱ्या जाळीचा आणि स्वतःच्या काळ्याकुट्ट हातांचा फोटो पाठवला. मी म्हटलं, आई, आपल्या घराण्यात राख काढणारा हा पहिला पुरुष. आई मनापासून हसली. आणि हसता हसता तिला खोकला आला.

तो खोकला पुष्कळ वर्षांचा आहे. आधी 'हवा बदलली' म्हणून, मग 'धूळ' म्हणून. शेवटी फुंकर मारायला लावून यंत्रावर तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी ओढायच्या का?" आयुष्यात बिडीला हात न लावलेली माझी आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मग डॉक्टरांनीच पुढचा प्रश्न विचारला, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून. त्याच्या आधी मायच्या घरी." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. तिच्या फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद झाल्यात, त्या पुन्हा पहिल्यासारख्या होणार नाहीत. आता रोज पंप ओढावा लागतो.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी संशोधकानं आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी उपकरणं लावून धूर मोजला होता. १९८३ साली तो अभ्यास छापून आला. त्यानंतर त्यांनी जन्मभर, २०२० साली वारेपर्यंत, हाच विषय लावून धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे एकट्या २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

उपायही झाले. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आमच्याकडंही एक आली होती, धूर वर नेणाऱ्या पाइपाची. चूल उत्तम होती. पहिलं वर्ष आईनं डोळे न चोळता भाकरी केल्या. पण पाइपात काजळी साठते, आणि ती काढायला माळवदावर चढून वरून काठीला फडकं बांधून खाली-वर करावं लागतं. लुगडं नेसलेल्या सुनेनं माळवदावर चढायचं नाही, आणि चुलीचं काम म्हणून पुरुषांनी चढायचं नाही. पाइप बुजला. धूर पुन्हा घरात. पुढं तो पाइप न्हाणीचं पाणी परसात सोडायला वापरला गेला, आणि त्या कामी मात्र बरीच वर्षं टिकला. देशभर त्या कार्यक्रमाचं बरंचसं असंच झालं, असं नंतरच्या अभ्यासांत सापडतं. चुली बसवल्या गेल्या, पण त्या झाडायच्या कुणी, तडा गेला तर दुरुस्त कुणी करायच्या, हे ठरलं नव्हतं.

मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली, आमच्या गावातही घरोघर गॅसची टाकी दिसायला लागली. तरीही चुली गेलेल्या नाहीत. पळाट्या, तुराट्या फुकट मिळतात, टाकीला एकरकमी पैसे लागतात. आणि आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. माझी एक चुलती कित्येक वर्षं कोयत्यावर जायची. कोपीच्या दारात तीन दगड मांडले की झाली चूल, जळणाला उसाचं पाचट. निघण्याआधी ती घरची चूल सारवून, हळदकुंकू वाहून, वर टोपलं पालथं घालायची. पाचसहा महिन्यांनी परत आली की घराचं कुलूप उघडून सगळ्यात आधी ते टोपलं उचलायची. उंदरांनी पोखरलेलं असायचं, वैलाची कड ढासळलेली असायची. सामान गाडीत तसंच ठेवून ती आधी माती भिजवायला घ्यायची. मी एकदा विचारलं, काकू, जरा टेका तरी. तर म्हणाली, "चूल उभी ऱ्हायल्याबिगर घरी आल्यावानी वाटत न्हाई." धुराचं सगळं कळूनही मला चुलीबद्दल सरसकट वाईट बोलवत नाही, ते या वाक्यामुळं.

आमच्या घरीही हाच पेच आला. भावानं स्वयंपाकघरात फरशी बसवायला काढली. चूल पाडायची होती. आई काही बोलली नाही, पण दोन दिवस नीट जेवली नाही. भाऊ म्हणाला, "आई, त्याच चुलीनं तुझा दम घेतला." ती म्हणाली, "घेतला. पर चार लेकरं बी त्याच चुलीनं जगवली." दोघांचंही खरं होतं. मी मध्ये बसले होते आणि मला दोघांपैकी कुणालाच समजावता येईना.

शेवटी तोडगा वहिनीनं काढला. आतली चूल पाडली, तिची माती टाकून न देता भिजवली, आणि परसात शेवग्याखाली, तिन्ही बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली, त्याच मातीत नवी माती घालून चूल घातली. आई खुर्चीवर लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून सांगत होती. माती तुडवली भावानं आणि त्याच्या कॉलेजातल्या लेकानं. वैलाची उंची तिच्या मनासारखी होईपर्यंत तिनं ती तीनदा मोडायला लावली. रोजचा स्वयंपाक आत गॅसवर. बाहेरची चूल पाहुणे आले की, सणाला, आणि आंघोळीच्या पाण्याला. आईनं तिच्यापाशी जाळ असताना जायचं नाही हे वहिनीनं ठरवलंय, आणि आई ते बऱ्यापैकी पाळते.

मात्र जाळ नसताना चूल तिची. राख काढायला नातवाला हाक जाते. पोतेरं ती स्वतः फिरवते, बसल्या बसल्या, दम लागला की थांबून. यंदाच्या पावसात वाऱ्याची झड आत आली आणि वैलाच्या कडेला बोटाएवढी भेग पडली. घटस्थापनेच्या आधी ती बुजवायची आहे. पडक्या गढीजवळून पांढरी माती आणून भिजत घातलीय. नातवाला तुडवायला रविवारीच वेळ आहे म्हणे, तोवर आई रोज तिच्यावर पाणी शिंपडतेय.